साहेबाची बाटली

लढाईचे दिवस, लाकूडफाटा मिळेना, आणि त्यात नगरातल्या यशयाच्या आळीतला आड बिघडलेला. पाण्याला वास, वर बारीक किडे. लेक सारा पुढच्या महिन्यात संगमनेरहून बाळंतपणाला यायची होती. म्हणून यशयाच्या बायकोने, दीनाने, एकच धोशा लावला होता, नगरपालिकेच्या साहेबाला सांगून आडात लाल औषध टाकून घ्या.

साहेबाने रिकामी बाटली दिली. "आडाचं पाणी भरून आणा. तपासतो."

आता तपासणार म्हणजे साहेब पिऊन बघणार. (पाणी दुसरं कसं तपासतात?) साहेबाच्या तोंडी किडा जायला नको, म्हणून यशयाने ते फक्त एकदा धोतराच्या सोग्यातून गाळायचं ठरवलं. गाळलं, तरी गढूळ. तुरटी फिरवली, तरी वास. उकळलं, तर चव गेली. मग वाळ्याची काडी टाकली आणि बाटली कचेरीत पोचवली.

चार दिवसांनी कचेरीतला शिपाई छगन आला. "साहेब म्हनले, असं पानी सबंध नगरात न्हाई. औषध कशाला? आन् कचेरीचा माठ आता रोज हितनंच भरायचा." त्याने घागर पुढे केली.

यशयाने घागर घेतली. मग म्हणाला, "टेका जरा," आणि आत जाऊन चूल पेटवली.

"अवं, आडातलंच द्या की," दीना म्हणाली. "उद्याच औषध येतंय बगा."

"दारी आलेल्याला घान पानी देऊ?"

"आन् साराला दिलेलं चालंल?"

यशयाला दोन्ही खरं वाटलं. त्याने चुलीत आणखी एक लाकूड सारलं.

आठ दिवस त्याने कचेरीच्या माठापायी घरचं सरपण जाळलं. नवव्या दिवशी तो मिरजगावला भावाकडे गेला, आणि दीनाने घागर थेट आडातून भरून दिली. साहेबाच्या पेल्यात किडा पोहताना दिसला. दुसऱ्या दिवशी आडात औषध पडलं, पाणी जांभळं झालं.

परत आलेल्या यशयाला मात्र राहवेना. तो कचेरीत गेला.

"साहेब, चूक माजी हाय."

"म्हणजे? पाण्यात काय टाकलंत तुम्ही?"

"काय न्हाई."

"मग बिघडलं कसं?"

"काय टाकलं न्हाई म्हनून. टाकत हुतो तवर चांगलं हुतं."

साहेबाने टाक खाली ठेवला. "रोज टाकत होतात?"

"रोज, साहेब. इमानानं."

तिसऱ्या दिवशी आडावर पाटी लागली. यशयाला अक्षरओळख नव्हती. "माजं नाव हाय का गं त्यात?"

मिशनच्या शाळेत शिकलेल्या दीनाने पाटी वाचली, नवऱ्याकडे बघितलं. "हाय की. मोठ्या अक्षरात."

पुढे सारा आली, चांगलं पाणी प्याली, सुखरूप बाळंत झाली. तिनेही ती पाटी वाचली होती, 'यशया यास आडाजवळ येऊ देऊ नये.' पण आईसारखीच तीही गप्प राहिली. कारण रोज सकाळी आंघोळ झाली की बाप आडाच्या काठावर चढायचा आणि ओल्या फडक्याने ती पाटी लख्ख पुसायचा.