काउबॉयचा म्हातारा आणि राणीची दासी

श्रावणी सोमवार आणि इंग्लंडातला बँक हॉलिडे एकाच दिवशी आले, आणि सुप्रभाताईंची कहाणी ऐकायला कोणी उरलं नाही. दर सोमवारी हातात तांदूळ घेऊन बसणारी मैत्रीण वीणा सुट्टीची समुद्रावर, ब्लॅकपूलला गेली होती. ऐकणाऱ्यानं शेवटपर्यंत ‘हुं’ दिल्याशिवाय कहाणी पुरी होत नाही, आणि कहाणीशिवाय उपास सुटत नाही. पोटात कावळे कोकलत होते. राहता राहिले यजमान, डॉक्टर चंद्रशेखर. ते टीव्हीवर काउबॉयचा जुना सिनेमा बघत ठाण मांडून बसलेले.

“अहो, तांदूळ घ्या हातात.”

“हा संपू दे गं. आलाच संपत.”

सुप्रभाताई नाइलाजानं सोफ्याच्या टोकाला टेकल्या. पडद्यावर देखण्या नायकाबरोबर तोंडाचं बोळकं झालेला एक म्हातारा होता. तो घोड्यांना पाणी दाखवी, बीन्स शिजवी. आता तर नायकावरची गोळीही त्यानंच झेलली.

“अगंबाई! मेला?”

“छे! खांद्याला लागते. ठरलेलं असतं.”

म्हातारा जगला. नायक पांढऱ्या घोड्यावर नायिकेला घेऊन निघाला. म्हातारा खेचरावरून मागे, धूळ खात.

“आणि त्याला काय मिळालं?” एरवी कुजबुजल्यासारखं बोलणाऱ्या सुप्रभाताईंचा आवाज चढला. “बीन्स यानं शिजवायच्या, गोळी यानं खायची, आणि साधं थँक यू नाही? कसला मेला हा न्याय!”

“अगं, तो साइडकिक, हिरोचा हरकाम्या. त्याला काही मिळत नसतं.”

“आणि तुम्हाला हे चालतं?” त्यांनी टीव्ही खटकन बंद केला. “घ्या तांदूळ!”

आटपाट नगर आलं, राजा आला, नावडती राणी आली. डॉक्टर मुकाट्यानं हुं हुं करत होते. राणीच्या दासीनं काट्याकुट्यातून बेल आणला, राजाचे फटके खाल्ले. देव प्रसन्न झाला, राणीला राज्य मिळालं. सुप्रभाताई शेवटच्या हुंकारासाठी थांबल्या.

डॉक्टर हातातले तांदूळ निरखत होते.

“अहो, हुं म्हणा ना! पान वाढायचंय.”

“दासीला काय मिळालं?”

“पोथीत नाहीये ते.”

“बेल तिनं आणायचा, फटके तिनं खायचे! मी नाही हुं म्हणत. कसला मेला हा न्याय?”

सुप्रभाताईंनी पोथीचं पान मागेपुढे केलं. दासीला साधं नावसुद्धा नव्हतं. लग्नाआधीपासून वाचत होत्या त्या ही कहाणी. स्वयंपाकघरातून वरणाचा वास येत होता. त्यांनी डोळे मिटून देवाला हात जोडले.

“मग शंकरानं दासीला घोडा दिला. पांढरा.”

“हुं! आणि राजा?”

“राजा बीन्स शिजवायला लागला. उठा, पानं घ्या.”