जोडकट्यारींची हकीकत

श्री. ऐरणीस नमन, घणास नमन, आणि दोहोंमधले तापले लोखंड ज्या हातांनी धरिले त्या हातांस आधी नमन. शके सोळाशे नव्वद, सर्वधारी नाम संवत्सर, वैशाखमासी एका राज्यात विवाह मांडिला. राज्याचे नाव येथे घेतले नाही. घेण्याइतके ते थोर नव्हते. दोन गड, एक पेठ आणि बारमाही भाऊबंदकी, इतकाच विस्तार. तेथील थोरल्या मातुश्री गोजराबाईसाहेब, ज्यांचा शब्द सदरेवर चाले आणि मुदपाकात त्याहून अधिक, त्यांचा नातू हैबतराव यास त्यांच्याच माहेरची, थोरल्या भावाची नात मनूबाई सांगून आली.

बाईसाहेबांचे माहेर डोंगरातले, आणि तेथील लोहार पोलादाच्या कामात नामांकित. कठीण लोखंडाच्या आणि मऊ लोखंडाच्या पट्ट्या एकावर एक रचाव्या, भट्टीत लाल कराव्या, घणाने एकजीव कराव्या, मग दुमडाव्या आणि पिळाव्या आणि पुन्हा ठोकाव्या, आणि असे करीत पाते सिद्ध झाले म्हणजे त्यावर काळ्यापांढऱ्या लहरी दिसत, जशा उथळ पाण्याखाली वाळूवर दिसतात. जाणते लोक त्यास जौहर म्हणत. रंगविलेले नव्हे, कोरलेले नव्हे, पोलादाच्या अंगचेच. आणि एका पात्यासारखे दुसरे म्हणून नाही. बाईसाहेब लहानपणी लोहारशाळेच्या दारी उकिडव्या बसून पाहत, परंतु शेवटचे काम त्यांनी कधी पाहिले नाही, कारण ते व्हावे तोवर मासाहेब जेवावयास ओढून नेत.

पुढे त्यांचे लग्न ठरले, तेव्हा वडिलांनी एकाच कांबीची मधून चीर करवून दोन कट्यारी घडविल्या. मुठी सांबरशिंगाच्या. दोन्ही शेजारी ठेविल्या की एकीची लहर दुसरीत शिरे, जशी नदी गावची शीव न विचारता पलीकडे जाते. एक थोरल्या भावापाशी राहिली, एक बाईसाहेबांबरोबर सासरी आली, आणि वडील बोलिले, "या घरची लेक पुन्हा त्या घरी द्यावयाची झाली, तर नवरदेवाने हीच कट्यार घेऊन यावे. जोड जुळावी, मग कन्या द्यावी." भाऊ पुढे वारले. जोड एकवार पाहून डोळे मिटावे, एवढीच बाईसाहेबांची इच्छा उरली होती.

आता लग्नघर म्हटले की झाडझूड आली. सूनबाई भानूबाईसाहेब कामास वाघीण, परंतु चकाकीचा सोस मोठा. शिलेखान्यातून कट्यार आणविली, तो पात्यावर काळपट रेघा. त्यांच्या मनात आले, सासूबाईंची नजर अधू, कोणी निगा राखिली नाही. मग रामजी तांबट पंगतीची भांडी उजळीत होता, त्याच्या हाती ती दिली. त्याने विटकर आणि राख आणि तेल लावून मन लावून घासली, आणि पात्याचा आरसा केला, आणि म्यानात घालून परत दिली.

सीमांतपूजनास शिवेवरच्या देवळात दोन्ही वऱ्हाडे मिळाली. भावाचे पुत्र जोत्याजीराव, वधूचे वडील, त्यांनी आपली कट्यार पाटावर ठेविली आणि शेजारी हैबतरावांची म्यानाबाहेर काढिली.

"आत्यासाहेब," ते म्हणाले, "हा तर आरसा. यात मला माझ्या मिशा दिसतात. आजोबांची कट्यार कोठे आहे?"

"मिशा तरी सरळ दिसतात का?" वऱ्हाडातला एक म्हातारा बोलला, आणि लोक हसले. जोत्याजीराव हसले नाहीत.

बाईसाहेबांनी पाते उजेडाकडे धरिले. लहर नव्हती, सुरकुतलेले आपलेच तोंड होते. इतक्यात भानूबाई कानाशी लागल्या, "मीच घासून घेतली, आईसाहेब. केवढे डाग होते!" बाईसाहेबांनी सुनेकडे एकदा पाहिले आणि भरल्या सभेत तिचे नाव घेतले नाही.

"कट्यार तीच आहे," एवढेच बोलल्या.

"आपण म्हणता म्हणजे असेल. परंतु आजोबांचा बोल जोड जुळण्याचा आहे. उद्या गोरज मुहूर्तापर्यंत जुळवून दाखवा. नाही तर मुलगी घेऊन आम्ही डोंगराची वाट धरितो."

मग कुजबुज उठली की म्हातारीने माहेरची ठेव कोणास देऊन टाकिली. लोहार डोंगरात, जाऊन येण्यास मुदत अपुरी. बाईसाहेब त्या दिवशी जेवल्या नाहीत.

त्या देशची चाल अशी की हळद लागली म्हणजे नवरदेवाने कट्यार हातची सोडू नये, आणि तिच्या टोकास लिंबू टोचलेले असावे. ते कोठून आले, का आले, कोणी पुसत नसे. कट्यार खरी की खोटी हा तंटा उभा असता चाल मात्र मोडली नाही. सकाळी हळद लागली आणि लिंबू टोचले. हैबतराव घाबरे झालेले, दिवसभर ते लिंबू पिळवटीत बसले, आणि रस पात्यावरून मुठीपर्यंत उतरला. तिसऱ्या प्रहरी भानूबाईंनी पाहिले तो पाते पुन्हा काळवंडलेले.

"अगं बाई! पुन्हा डाग! रामजीला बोलवा, राख आणा!"

"हात लावू नका, सूनबाई!" बाईसाहेब ओरडल्या. तसा आवाज त्यांचा कोणी ऐकिला नव्हता. त्यांनी पदराने रस टिपला, पाते डोळ्यांजवळ नेले, आणि जेथे रस ओघळला तेथे लहर होती, जेथे नाही तेथे आरसा. मग हसू आले आणि रडूही आले. म्हणाल्या, "मासाहेबांनी एखादे दिवशी उशिरा हाक मारली असती, तर लोहार शेवटी पात्यास आंबट चोळून लहर उठवितात, हे मला ठाऊक असते."

मग हुकूम सुटला आणि मुदपाकातली सारी लिंबे चिरली गेली, आणि भानूबाई स्वतः बाह्या सारून रस चोळू लागल्या, आणि पंगतीस वरणावर लिंबू मिळाले नाही, त्यावरून वधूपक्षाने जे बोलावयाचे ते बोलून घेतले. गोरज मुहूर्तास कट्यार धुऊन, तेलाने पुसून पाटावर ठेविली. दोन्ही पाती भिडली. लहर एकीतून दुसरीत गेली.

जोत्याजीराव पायांवर डोके ठेवून म्हणाले, "आत्यासाहेब, शंका घेतली, चुकलो."

"घेतलीस ते बरे केलेस. न घेतास तर आजोबांचा बोल राखला कोणी असता? ऊठ, अक्षता घे."

पुढे जोत्याजीराव डोंगरात सुखाने नांदले, आणि लिंबाशिवायच्या वरणाची गोष्ट मरेपर्यंत सांगत राहिले. हैबतरावांनी फारसा पराक्रम केला नाही, फारसे नुकसानही केले नाही. रामजीस शालजोडी मिळाली, आणि तांब्यापितळेखेरीज कशास हात न लावण्याची ताकीदही. भानूबाईसाहेब पात्यांच्या अशा जाणत्या झाल्या की लोहार नवे काम प्रथम त्यांस दाखवीत, आणि चकाकी फार दिसली तर त्या परत करीत. मनूबाईंना लेक झाली, तिला गोजरा म्हणतात. थोरल्या बाईसाहेब पुढल्या चैत्रात निवर्तल्या. जोत्याजीरावांनी आपली कट्यार परत नेली नाही. दोन्ही एका पेटीत ठेविल्या आहेत, आणि दसऱ्यास तेलाचे बोट फिरवून शेजारी मांडितात. सारांश, घडले ते इतके. लहर कोठून कोठे जाते ते ज्यास पाहणे असेल त्याने दसऱ्यास यावे, आणि राख आणू नये.