न उघडणारे चाकू

माणूस ओळखायचा असेल तर त्याचा संग्रह पाहावा, असं गंभीर चेहऱ्यानं सांगणारे पुष्कळ भेटतात. आमच्या शेजारच्या सुपडूनानांचा संग्रह पाहून एवढंच मनात यायचं, की या माणसाला पोलिसांनी अजून धरलं कसं नाही.

नाना दीपनगरच्या वीजकेंद्रात फिटर होते. एकोणीसशे नव्वदच्या आसपास निवृत्त होऊन जळगावात मेहरूणला राहायला आले ते ट्रंकभर चाकू घेऊन. सगळे मिटणारे, खिशात मावणारे. कुणाची मूठ शिंगाची, कुणाची शिसवीची. सोबत थोरली विधवा बहीण, अक्का. आणि कायमचा राग.

या रागाला विषय लागत नसे, तरी स्टेनलेस स्टील दिसलं की तो विशेष पेटायचा. "चमकतं म्हणून घेता! सिनेमातलं लोखंड!" एकदा जावयानं त्यांच्या चाकूनं सोड्याच्या बाटलीचं झाकण उघडलं. "अरे, चाकू हाये का सांडशी?" नाना भर पंगतीत गरजले. पुढची दिवाळी जावयानं स्वतःच्या घरी केली.

चाकू कसा बनतो, असं कुणी विचारलं तर उत्तरही शिव्या दिल्यासारखं यायचं. "ट्रकच्या स्प्रिंगच्या तुटक्या पाट्याचं लोखंड घ्या, ठोका, पातं काढा, लाल करा, तेलात बुडवा. हे कोनताबी गधा करते. खरा चाकू पाठीत राह्यते, पाठीत!" पाठीत म्हणजे मुठीच्या आत, पात्याच्या बुडाला दाबून धरणारी पोलादी पट्टी. तिला ते कमान म्हणत. उघडलेलं पातं ती उघडं धरते, मिटलेलं मिटलेलं. या कमानीपायी नाना एसटीनं धुळ्याला जायचे, रज्जाकभाई नावाच्या कारागिराशी भांडायचे, नवा चाकू आणायचे, आत अक्काकडे न्यायचे, आणि थोड्या वेळानं तो ट्रंकेत आपटल्याचा आवाज यायचा.

मग एका सांस्कृतिक मंडळाला वारशाची आठवण झाली. अध्यक्ष मोहनशेठ शाल-नारळ घेऊन आले. शेजारी म्हणून मलाही बोलावणं होतं.

"नाना, आपण संस्कृतीचे पहारेकरी आहात," शेठ उभे राहून म्हणाले. खोलीत आम्ही तिघेच होतो. "आपण प्रदर्शन भरवू. खानदेशची शस्त्रपरंपरा!"

"कायचं शस्त्र? पेरू कापतेत यानं."

शेठनी हसून एक चाकू उचलला आणि पात्याच्या खाचेत नख घालून ओढलं. पातं हललं नाही. नख मात्र तुटलं.

"नाही उघडला ना?" नाना उसळले. "तुमच्यासारख्या धडधाकट मानसाले उघडत नाही, तं तिले कसा उघडीन? सारे नापास हायेत हे! नापास पोरांचं प्रदर्शन भरवता?"

"तिला म्हणजे?"

नानांनी आतल्या दाराकडे हात केला आणि शेठच्या हातातला चाकू काढून घेतला.

आत अक्का खाटेवर बसल्या होत्या. सांध्यांच्या दुखण्यानं बोटं आवळून वाकडी झालेली. आयुष्यभर त्यांच्या कमरेला स्वतःचा चाकू असे. शेतातलं फळ त्यानंच कापून खायच्या. बोटं गेली तसा तो उघडेना. आणि दुसऱ्यानं कापून दिलेल्या फोडीला त्या शिवत नसत. आणलेले पेरू उशाशी सुकून जायचे.

"पण अक्का, घरातला साधा चाकू आहे की," शेठ दारातून म्हणाले.

"तो घराचा. मले माहा पाह्यजे," अक्का म्हणाल्या. "आन् उघडा चाकू कमरेले खोचू? पोट फाडून घिऊ? तुमी शाल पांघरा, शेठ."

शेठ शाल घेऊनच परत गेले.

नाना पुन्हा धुळ्याला गेले. त्या खेपेला मीही बरोबर होतो. "कमान और ढीली कर," ते ओरडले. रज्जाकभाईही ओरडले, "नाना, और ढीली की तो पातं बोटांवर मिटेल! अक्काची बोटं कापली तर मेरे नाम से रोओगे!"

"तं धार लावू नको!"

हातोडी थांबली. धार नसलेला चाकू बनवायचा म्हणजे आपल्या हातानं आपलं नाव घालवायचं. मग रज्जाकभाईंनी कानस उचलली, कमान घासून सैल केली आणि पात्याची धारही उतरवली.

घरी नानांनी तो अक्कांच्या मांडीवर टाकला आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. अक्कांनी वाकडा अंगठा खाचेत अडकवला. पातं हळूच वर आलं.

"उघडला रे, सुपडू."

"मंग बसली काय? काप काहीतरी!" नाना भिंतीवरच खेकसले.

अक्कांनी पेरूवर पातं टेकवलं. ते घसरलं. बोरावरूनही घसरलं. शेवटी नानांनी केळं आणून दिलं. अक्कांनी ते सालीसकट कापलं आणि दोघांनी खाल्लं.

त्या चाकूनं फक्त केळंच कापता येतं. जळगाव जिल्ह्यात केळं कापून कुणी खात नाही.