उसनं दिलेलं ऐकून घेणं

सोमवारी सकाळी कुमुदिनी जंगम यांचं ऐकून घेणं दूधसंघात कामावर रुजू झालं.

दूधसंघ आणि कुमुदिनीताईंचा कारखाना मिळून विजेशिवाय दूध थंड ठेवणारं यंत्र बनवत होते. दोन संस्था असं काही नवं करायला एकत्र आल्या, की एकमेकींना एकेक गुण उसना देण्याची त्या भागात रीतच होती. संघाकडून तिथले चेअरमन डुबल अण्णा यांचं चूक कबूल करणं आलं. ते कारखान्यात छान रुळलं. इंजिनियर मंडळी जेवणाच्या सुट्टीतसुद्धा आपापल्या चुका सांगू लागली. तिकडे संघात मधे न तोडता कुणीतरी ऐकतंय म्हटल्यावर दूध घालायला येणाऱ्या बायकाही मोकळेपणानं अडचणी बोलू लागल्या. यंत्र झपाट्यानं आकार घेऊ लागलं.

घोटाळा एकच झाला. गुण उसना देताना विरजणासारखा थोडा घरी राखायचा असतो. पण कुमुदिनीताई पडल्या भिडस्त. कमी पडायला नको म्हणून त्यांनी सगळाच देऊन टाकला.

नेमकी त्याच आठवड्यात त्यांची लेक अपूर्वा सासरहून आली, एकटीच आणि मोठी बॅग घेऊन.

"आई, त्या घरात मला..." एवढं ती बोलली, की ताई भाजी काय करू म्हणून विचारत. आपण तोडतोय हे त्यांना कळे. थांबता मात्र येत नसे.

त्या संघात गेल्या. डुबल अण्णांनी चहा मागवला आणि परत देणं जमणार नाही म्हणाले.

"आमचं काही चुकलेलं नाही, ताई. आणि चुकलं असलं तरी मी कबूल कशानं करू? ते तुमच्याकडंच आहे की."

कारखान्यात साहेबांनी लगेच हात जोडले. चूक सर्वस्वी आमचीच, असं तीनतीनदा सांगितलं, आणि यंत्र होईपर्यंत थांबायला सांगितलं.

शेवटी अण्णांनीच निरोप धाडला, की दुपारचं तुमचं ऐकून घेणं मोकळंच असतं, लेकीला इकडं पाठवा.

अपूर्वा जाऊ लागली. ताई फाटकाबाहेरच्या बाकावर बसून राहत. खिडकीतून ती दिसे, रिकाम्या खुर्चीसमोर बोलत असलेली. एकदा ती बराच वेळ रडली, मग पुन्हा बोलू लागली.

त्या दिवशी बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा हलका झाला होता. तिनं ताईंचा हात धरला.

"किती शांतपणे ऐकतेस गं तू, आई."

काय सांगितलंस, हे विचारायला ताईंनी तोंड उघडलं. पण तिनं सांगितलंच तर ते ऐकून ठेवायला त्यांच्याकडे जागा नव्हती. त्यांनी पदरानं तिचे डोळे पुसले आणि रिक्षाला हात केला.