उभी पाटी

ब्रसेल्सच्या त्या सभागृहात ओडेट व्हानहूट एकच वाक्य बोलायला आली होती. परदेशाशी होऊ घातलेल्या व्यापार करारामुळे नद्या, जंगलं, नोकऱ्या यांचं काय होईल, याचा अहवाल तयार होत होता आणि त्यावर मत द्यायला नागरी संस्थांना बोलावलं होतं. कच्च्या अहवालात स्टीलवर चाळीस पानं होती, मधावर अवाक्षर नव्हतं. ओडेटच्या मधमाशीपालक संघाला त्यात एक वाक्य घुसवायचं होतं. त्या एका वाक्यासाठी संघ दोन वर्षं भांडला होता, बराचसा आपसातच.

संघाचे अध्यक्ष गास्टोन यांनी तिला निघताना बजावलं होतं, की समोरची नावाची पाटी उभी केली म्हणजे बोलायला मिळतं, पण एका बैठकीत एकदाच. मध शेवटच्या विषयात आहे. तोवर पाटीला हात लावायचा नाही.

ओडेटने पाटीला हात लावला नाही. कोपर लागलं, तेही कपाला. कॉफीचा कप आडवा झाला, पाटी भिजली, आणि ओडेट पडली टापटिपीची बाई. तिने टेबल पुसलं, पाटी पुसली आणि वाळावी म्हणून उभी करून ठेवली.

"मधमाशीपालक संघ, बोला," बैठकीच्या अध्यक्षपदावरचे लुंडक्विस्ट म्हणाले. विषय पहिलाच होता, स्टीलचा.

पाटी वाळत घातलीय, असं सांगायची ओडेटला लाज वाटली. "आमचं म्हणणं आत्ता सांगत नाही," ती कशीबशी म्हणाली. "योग्य वेळी सांगू."

साध्या बाईचं साधं वाक्य. पण त्या सभागृहातल्या लोकांची हयात ओळींमधला अर्थ वाचण्यात गेलेली. मधमाश्या पाळणाऱ्यांनी स्टीलवर मत राखून ठेवलं, म्हणजे यांना काहीतरी ठाऊक आहे, अशी कुजबुज सुरू झाली. शेजारी बसलेल्या कामगार संघटनेच्या आर्मां यांनी लगेच आपली पाटी उभी केली आणि मधमाशीपालकांच्या भूमिकेला पाठिंबा जाहीर केला. मग नदीवाले कसे मागे राहतील? त्यांच्यामागून जंगलवाले, ग्राहकवाले. बघता बघता बावीस पाट्या उभ्या राहिल्या.

ओडेट रडकुंडीला आली. तिची पाळी तर गेलीच होती. शेवटी मधाचा विषय निघाला तेव्हा तिने नुसता हात वर केला. लुंडक्विस्टनी नियमावर बोट ठेवलं, आपण एकदा बोलला आहात म्हणाले, आणि तो विषय अर्ध्या मिनिटात मिटला. आता गास्टोनना तोंड कसं दाखवायचं, या विचारात ती पर्स आवरू लागली.

इतक्यात इतिवृत्त लिहिणारी मुलगी लुंडक्विस्टच्या कानाशी लागली. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"बाई, एक अडचण आहे," ते म्हणाले. "तुमच्या भूमिकेला बावीस संस्थांचा पाठिंबा नोंदवलाय. एवढा पाठिंबा म्हटल्यावर ती अहवालात शब्दशः घ्यावी लागते. पण भूमिका काय, ते कुठेच लिहिलेलं नाही."

"स्टीलवरचीच हवी का?"

लुंडक्विस्टनी इतिवृत्त वरपासून खालपर्यंत चाळलं. "तसं काही म्हटलेलं नाही," ते सावकाश म्हणाले.

ओडेटने पर्समधून घडी घातलेला कागद काढून दिला. त्यांनी तो मोठ्याने वाचला. बाहेरच्या स्वस्त मधामुळे गावोगावच्या मधमाशीपालकांचं काय होईल ते आधी मोजावं, मगच जकात उतरवावी. पाठिंबा देऊन बसलेले बावीस जण एकमेकांकडे पाहत राहिले. मुलीने ते वाक्य टिपून घेतलं आणि सगळे जेवायला उठले.

ओडेटला इतका आनंद झाला होता, की सँडविच हातातच राहिलं. आर्मां बशी घेऊन तिच्याजवळ आले.

"ओडेटबाई, हे आधी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं, तर काय झालं असतं?"

"पाठिंबा दिला नसता ना," आर्मां हताशपणे म्हणाले. "बाहेरून मध आणायचा धंदा माझ्या सख्ख्या मेव्हण्याचा आहे."