शोकेसमधला मासा

धायरीतल्या बापटांच्या बंगल्याचा वरचा मजला भाड्याने घेताना संतोष ठवकरने मालकांना एक शब्द दिला होता: घरात मासा येणार नाही. भंडाऱ्याच्या, तळ्याकाठी वाढलेल्या माणसाने असा शब्द देणं म्हणजे काय, हे त्याचं त्यालाच माहीत. पण त्याने तो इमानाने पाळला. आता करार संपत आला होता, भाग्यश्रीला सातवा महिना होता आणि अशात नव्या घरासाठी वणवण करणं दोघांनाही परवडणारं नव्हतं.

नेमकं तेव्हाच आयटी कंपनीने संतोषला महिनाभर स्कॉटलंडला पाठवलं. येताना त्याने तिथल्या एका दुकानातून हौसेने एक दगड आणला. दगडात क्लायमॅटियस नावाच्या, कधीच्या काळी नामशेष झालेल्या काटेरी माशाचा ठसा होता. भाग्यश्रीने तो शोकेसमध्ये मांडला आणि दोन्ही मजल्यांवर केरफरशी करणाऱ्या शकूला बजावलं, जपून पूस, मासा आहे तो.

शकू खाली जाऊन मालकीणबाईंना, हेमाकाकूंना, म्हणाली, "वरच्या ताईंनी शोकेसात मासा ठिवलाय. आठवडा झाला आसंल."

आठवड्याचा मासा म्हटल्यावर हेमाकाकूंना तत्काळ वास यायला लागला. संध्याकाळपर्यंत तो शेजारणीलाही आला. काकूंनी जिन्यात उदबत्त्या लावल्या. त्या धुराने भाग्यश्रीला मळमळलं, म्हणून तिने खिडक्या लावून घेतल्या. खिडक्या लावल्या म्हणजे आत तळण चाललंय, हे काकूंच्या लेखी सिद्धच झालं. शेवटी बँकेतून ऑडिटर म्हणून निवृत्त झालेल्या आपल्या यजमानांना, रंगनाथरावांना, पुढे घालून त्या वर आल्या.

"दगड आहे जी काका तो," संतोष म्हणाला.

"मग मासा कशाला म्हणता?" काकूंनी विचारलं.

"आधी मासाच होता ना. मेला तो एक्केचाळीस कोटी वर्षांपूर्वी."

"म्हणजे शिळासुद्धा आहे."

घर गेल्यातच जमा होतं. रंगनाथरावांनी चष्मा लावला, दगड खिडकीशी नेला आणि बराच वेळ निरखून पाहिला. पाहता पाहता त्यांचा चेहरा पडला.

"अहो, याच्यात खाणार काय?" ते कळवळून म्हणाले. "अंगभर काटे. पोटाखालीसुद्धा रांगा. पापलेटचं कसं, मधला काटा एकदा अलगद उचलला की..."

ते थांबले.

"की काय?" हेमाकाकूंनी विचारलं.

रंगनाथरावांनी दगड जपून शोकेसमध्ये ठेवला.

"मालवणच्या शाखेचं ऑडिट दर वर्षी तुमच्याच वाट्याला का यायचं, ते कळलं आज," काकू म्हणाल्या आणि एकट्याच जिना उतरून गेल्या.

करार पुढे चालू ठेवायला रंगनाथरावांनी उभ्या उभ्याच होकार दिला. मग बसले. भाग्यश्रीने केलेला चहा घेतला, आग्रह न करता दुसऱ्यांदा घेतला. दिवेलागण झाली तरी खाली जायचं नाव काढीनात. शेवटी त्यांनी खुर्ची संतोषजवळ सरकवली आणि हलक्या आवाजात विचारलं,

"तुमच्या भंडाऱ्याच्या तळ्यांत कुठले मासे मिळतात हो?"