सात स्क्रू, जैसे थे

जगातल्या बहुतेक गोष्टी बिघडतात त्या कुणीतरी त्या सुधारायला गेल्यामुळे. न्यायव्यवस्थेला हे फार पूर्वीच उमगलं, म्हणून तिने 'जैसे थे' नावाचा आदेश काढला. दोन माणसं एका घरावरून भांडू लागली की कोर्ट म्हणतं, निकाल लागेल तेव्हा लागेल, तोवर कुणी कशालाही हात लावायचा नाही. भिंत रंगवायची नाही, नळ बदलायचा नाही, खिळा ठोकायचा नाही आणि ठोकलेला उपटायचाही नाही. दुरुस्ती हासुद्धा बदलच. आता हा आदेश पाळला जातोय की नाही, हे दर महिन्याला जाऊन बघणारं कुणीतरी हवं. त्याला पाहणी अधिकारी म्हणतात. आपल्या गोष्टीतल्या पाहणी अधिकाऱ्याला कचेरीत सगळे जैसेथेराव म्हणत.

जैसेथेराव छत्तीस वर्षांचे, पोट किंचित सुटलेलं, चपला कायम झिजलेल्या. कामात मात्र त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. त्यांची पद्धत साधी होती. मागच्या महिन्याचा अहवाल घेऊन जायचं, या महिन्याचं घर बघायचं, दोन्हींत फरक दिसला नाही की 'जैसे थे' लिहून सही ठोकायची. बारा वर्षांत त्यांनी एक हजार सातशे चार पाहण्या केल्या. त्यांत 'बदल आढळला' हा शेरा फक्त एकदा मारला, तोही एका वादग्रस्त माळ्यावर मांजर व्याली म्हणून. (वरिष्ठांनी तो खोडला. पिल्लं स्वतःच्या पायांनी निघून जातील, असं कारण दिलं.)

जैसेथेरावांना जगात एकच मैत्रीण होती. ती चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. (यापुढे तिचा उल्लेख 'मैत्रीण' असाच करू. नेमका हाच उल्लेख पुढे वादाचा विषय झाला.) ओळख झाली ती अकरा वर्षांपूर्वी, तपासणीच्या खुर्चीत. तिने त्यांच्या डोळ्यांपुढे एक भिंग धरलं, मग दुसरं धरलं आणि विचारलं, "हे बरं, की हे?"

"दोन्ही सारखंच," जैसेथेराव म्हणाले.

तिने भिंगं बदलली. "बरं, आता? हे, की हे?"

"दोन्ही सारखंच."

सातव्या भिंगालाही हेच उत्तर आलं, तेव्हा तिला असं हसू फुटलं की खुर्चीत साहेब आणि स्टुलावर पोट धरून तपासणारी, असा देखावा दुकानमालकाने काचेतून पाहिला. तेव्हापासून मैत्री. तिचं ठरलेलं लग्न मोडलं तेव्हा ती रडायला त्यांच्याकडे आली. त्यांचे वडील गेले तेव्हा तेराव्या मिनिटाला ती दारात उभी होती. जैसेथेरावांची ताई दर भेटीत विचारायची, "काय रे, तुमचं दोघांचं नक्की काय आहे?" त्यावर जैसेथेराव म्हणायचे, "ताई, आमचं तसं काही नाही." हे उत्तर अकरा वर्षांत अंदाजे दोनशे बारा वेळा दिलं गेलं आणि प्रत्येक वेळी ते खरं होतं.

मग ते कपाट आलं.

मैत्रिणीने घर बदललं आणि घरी जोडायचं एक कपाट मागवलं. एका शनिवारी जैसेथेराव ते जोडायला गेले. दुपारी पावणेचारला कपाट उभं राहिलं. दार काही लागेना, आणि जमिनीवर सात स्क्रू उरले. हे सात कुठले, यावर दोघंही गुडघ्यांवर बसून जोडणीच्या नकाशात डोकं घालून वाद घालत होते. डोकी फार जवळ आली. पुढचा अर्धा तास अहवालात घेण्यासारखा नाही.

त्यानंतर चहा झाला, पण दोघांच्याही कपांतला निम्मा तसाच राहिला. जैसेथेराव सरळ सरळ घाबरले होते. आजवर आयुष्यात काहीही बिनसलं की ते सांगायला हिच्याकडेच जायचे. आता हिच्याशीच बिनसलं, तर जायचं कुणाकडे?

"हे बघ," मैत्रीण म्हणाली, "उगाच मोठं नको करूया. हे आपलं असंच. मैत्री ती मैत्री. काही बदलायचं नाही."

"काहीही नाही," जैसेथेराव म्हणाले. "पण तोंडी नको. लेखी असू दे."

"अरे, वेडा आहेस का तू?"

"दर महिन्याला पाहणी करू. दोघांच्या सह्या."

ती हसली आणि हो म्हणाली. (तिला ती थट्टा वाटली. त्यांना ती कार्यपद्धती वाटत होती.) पहिला अहवाल त्याच दिवशी तयार झाला. त्यातला महत्त्वाचा भाग असा:

उभय पक्षांतील संबंध: मैत्री. जैसे थे.
कपाट: उभे. दार लागत नाही. जैसे थे.
उरलेले स्क्रू: सात. वाटीत ठेवले. जैसे थे.
जवळीक: शनिवारी, दुपारी, सोयीनुसार.
भविष्य: लागू नाही.

पुढचे आठ महिने ही व्यवस्था इतकी सुरळीत चालली की इतर खात्यांनी अभ्यास दौरे काढावेत. दुसऱ्या महिन्यात मैत्रिणीच्या न्हाणीघरात एक निळा टूथब्रश आढळला. 'तात्पुरती उभारणी, पायाशिवाय,' अशी नोंद होऊन तो नियमित झाला. तिसऱ्या महिन्यात बुधवार सुरू झाला. तो 'शनिवारचा विस्तारित भाग' ठरला. पाचव्या महिन्यात तिला ताप आला, तेव्हा जैसेथेरावांनी बारा वर्षांत पहिल्यांदा रजा टाकली, तीन दिवस सूप केलं आणि तिचे पाय चेपले. नोंद: 'आपत्कालीन साहाय्य. मैत्रीतही करतात.' (मैत्रीत त्यांनी आजवर कुणाचेही पाय चेपले नव्हते.) सहाव्या महिन्यात भिंगांच्या कंपनीचा एक हसरा प्रतिनिधी दुकानात आला आणि मैत्रीण त्याच्या विनोदाला दोनदा हसली. जैसेथेरावांना तीन दिवस आम्लपित्त झालं. नोंद: 'आहारातील अनियमितता.'

सातव्या महिन्यात ताईने विचारलं. उत्तर तेच दिलं, पण देताना ठसका लागला. ठसक्यासाठी अहवालात रकाना नव्हता.

नवव्या महिन्याच्या पाहणीला जैसेथेराव फॉर्म घेऊन स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले. "संबंध," ते वाचू लागले, "मैत्री. जैसे—"

"मी सही करणार नाही," मैत्रीण म्हणाली.

"का गं?"

"कारण ते खोटं आहे. लिही, बदल आढळला."

इथे कुणाही शहाण्या माणसाने पेन खाली ठेवून तिचा हात धरला असता. जैसेथेराव अनुभवी होते. ते म्हणाले, "पुरावा?"

 ती उठली, आतून वाटी घेऊन आली आणि टेबलावर उपडी केली. वाटीतून काहीच पडलं नाही.

"सात स्क्रू होते," ती म्हणाली. "कुठे गेले?"

जैसेथेराव आठवू लागले. दार करकरायचं म्हणून एकदा त्यांनी एक बसवला होता. बिजागरी हलते म्हणून आणखी एक. एकदा ती आंघोळीला गेली असताना, नुसतं बसून काय करायचं म्हणून दोन. उरलेले तीन असेच एकेका बुधवारी. कपाटाचं दार आता छान लागत होतं. अहवालात मात्र नऊ महिने 'स्क्रू: सात' हीच नोंद होती, कारण मागच्या अहवालात तसं होतं.

"ती किरकोळ दुरुस्ती होती," ते म्हणाले.

"आणि दुरुस्ती म्हणजे?"

"बदल," जैसेथेराव प्रामाणिकपणे म्हणाले.

"मग?" मैत्रिणीचा आवाज एकदम हळू झाला. "माझं कपाट तू जोडलंस. न सांगता, एकेक करून. मला ते फार आवडलंय रे. आता पुढे काय ते तू सांग."

आता काय सांगावं, हे वाचकांपैकी कुणालाही कळेल. जैसेथेरावांच्या मात्र डोळ्यांपुढे अंधारी आली. अकरा वर्षांचं एकुलतं एक माणूस हातचं जाणार, एवढंच त्यांना दिसलं. आणि आदेशाचा भंग झाल्यास काय करायचं, हे नियमात स्पष्ट आहे: मूळ स्थिती पूर्ववत करायची.

त्यांनी खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढला, कपाटापाशी गेले आणि सातही स्क्रू काढून मोजून वाटीत ठेवले. शेवटचा निघाल्यावर दार निखळून त्यांच्या पायावर पडलं.

"झालं," ते कळवळत म्हणाले. "जैसे थे."

"जा तू," मैत्रीण म्हणाली. "आत्ता जा."

ते लंगडत गेले. पुढचा शनिवार रिकामा गेला, त्याच्या पुढचाही. मूळ स्थिती इतकी पूर्ववत झाली की मैत्रीही उरली नाही. हे सगळं कुणाला तरी सांगावं म्हणून त्यांनी चार वेळा फोन उचलला, आणि चारही वेळा बोटं तिच्याच नंबरावर गेली.

अशा अवस्थेत ते दोन भावांच्या घराच्या पाहणीला गेले. थोरला उजव्या भागात राहायचा, धाकटा डाव्या. एकोणीस वर्षं खटला चालू, एकोणीस वर्षं 'जैसे थे', त्यांतली शेवटची बारा जैसेथेरावांच्या सहीची. ते पोचले तेव्हा घर जागेवर नव्हतं. म्हणजे होतं, पण आडवं होतं. सुदैवाने दोघंही भाऊ अंगणात भांडत असताना ते पडलं, त्यामुळे भांडणाने जीव वाचल्याची ही खात्याच्या इतिहासातली पहिलीच घटना. आता दोघं एकाच बाकावर बसून एकाच थर्मासमधला चहा पीत होते. भांडायला काही उरलंच नव्हतं.

"साहेब," थोरला म्हणाला, "तुम्ही दर महिन्याला यायचा. मधली भिंत झुकलेली तुम्हाला दिसत नव्हती होय?"

"दिसायची ना," जैसेथेराव म्हणाले. "पण मागच्या महिन्याइतकीच झुकलेली असायची."

"मागच्या महिन्याशी कशाला ताडून बघता?" धाकटा म्हणाला. "पहिल्या दिवसाशी बघायचं ना! आम्ही पण नाही बघितलं म्हणा."

जैसेथेरावांनी मान डोलावली, आणि शिस्तीप्रमाणे अहवाल लिहिला: 'इमारत पडली आहे. पडलेली इमारत जैसे थे.' मग ते फाटकापर्यंत गेले आणि तिथेच थांबले. धाकट्याचं बोलणं आता कुठे डोक्यात शिरलं होतं. पिशवीतून त्यांनी स्वतःचे नऊ अहवाल काढले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी पहिला आणि नववा शेजारी धरले, आणि फाटकाच्या खांबाला टेकून दोन्ही वाचले. वाचून झाल्यावर ते चक्क पळाले. (पळताना पाहणी अधिकारी दिसल्याचीही ही पहिलीच नोंद.)

चष्म्याच्या दुकानात मैत्रीण भिंगं पुसत होती. जैसेथेराव धापा टाकत आत आले आणि सरळ तपासणीच्या खुर्चीत बसले.  नोकरीचा भाग म्हणून तिने दिवा लावला, चौकट त्यांच्या नाकावर चढवली आणि कोरड्या आवाजात विचारलं, "हे बरं, की हे?"

"सारखं नाही," जैसेथेराव म्हणाले.

तिचा हात थांबला. "काय?"

"सारखं नाही. फरक आहे. खूप आहे. पहिल्या महिन्यात मी तुझ्याकडे यायचो. आता तुझ्याकडून परत जातो, ते मला जमत नाही. बुधवार हा शनिवारचा भाग नव्हता. आम्लपित्त आहारामुळे नव्हतं. ताईशी मी ठसका लागून खोटं बोललो. मला फक्त भीती वाटत होती, की तू गेलीस तर तू गेलीस हे मी सांगू कुणाला!"

तिने त्यांच्या नाकावरची चौकट उतरवली. मग म्हणाली, "पुरावा?"

जैसेथेरावांनी खिशात हात घातला, पण खिशात स्क्रू-ड्रायव्हरशिवाय काही नव्हतं. तो त्यांनी तिच्या हातात दिला.

पहिल्या दिवशी फुटलं होतं तसंच हसू तिला पुन्हा फुटलं, आणि या वेळी हसता हसता ती रडलीही. "वाटी जागेवरच आहे," डोळे पुसत ती म्हणाली. "दार धरायला एक माणूस लागतं. ये घरी. आणि ताईंना फोन कर आधी, अकरा वर्षं झाली बिचारीला."

फोन केला. ताई म्हणाली, "अरे, हे आम्हाला अकरा वर्षांपासून माहीत आहे. बदल कुठे झालाय यात?"

प्रकरण इथे निकाली निघालं. मात्र या निमित्ताने खात्याच्या असं लक्षात आलं आहे, की 'आमचं तसं काही नाही' अशी तोंडी हमी देणाऱ्यांची संख्या आसपास फार मोठी आहे. हे वाचताना एका विशिष्ट माणसाचा चेहरा तुमच्याही डोळ्यांपुढे आला, आणि पुढच्याच क्षणी तुम्ही स्वतःला म्हणालात, छे, आमची गोष्ट वेगळी आहे. ते ठीक आहे. खाली तारीख घाला, सही करा, आणि मागच्या महिन्यात काय लिहिलं होतं ते पाहून तेच लिहा. तेवढी ती भिंत कधीतरी पहिल्या दिवसाशी ताडून बघा.